नऊ-दोन: एका गाण्याच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

वही म्हणतोय पण ही मोबाईलमधली नोट आहे. वही म्हटलं की आपण नियमित लिहू असं उगाच वाटतं.

आमचा कलाकार रॅप करतो आणि बाकीचं सगळं मी करतो. बाकीचं सगळं म्हणजे नक्की काय हे गेल्या वर्षी दोघांनाही माहीत नव्हतं म्हणून तर वाट लागली. मी दिवसभर ऐरोलीत बिलिंगला बसतो, एक्सेल अंगात मुरलंय, तर कळव्यातल्या पोरांनी मलाच मॅनेजर करून टाकलं. पगार नाही, १० टक्के, कशाचे ते विचारू नका.

गेल्या वर्षीच्या गाण्याचा हिशेब आधी लिहून ठेवतो म्हणजे परत तेच करणार नाही. खर्च १९,५००. सगळ्या ॲपवर मिळून ६१,००० प्ले. हातात आले २,१४० रुपये. आणि ही आमची हिट बरं का. बाकी जुनी सात गाणी पडली आहेत, त्यातल्या पाचांना वर्षात हजार प्ले पण नाहीत, आणि स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की मागच्या बारा महिन्यांत हजार प्ले नसतील तर त्या गाण्याचा एक पैसा पण मिळणार नाही. म्हणजे ती पाच गाणी तिथे फुकट राबतायत.

यूट्यूबची गोष्ट वेगळीच. बीट, म्हणजे रॅपच्या मागचं तयार संगीत, घेतला होता ऑनलाइन, लीजवर, दोन हजारात. लीज म्हणजे भाड्याचं घर, पण त्याच खोलीत अजून दहा भाडेकरू. त्यातल्या कुणीतरी त्याच बीटवर स्वतःचं गाणं केलं, ते कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या कॉपी पकडणाऱ्या सिस्टिममध्ये, टाकलं आणि सिस्टिमला आमचं गाणं त्याची कॉपी वाटलं. चार महिने आमच्या व्हिडिओचे जाहिरातीचे पैसे कुठल्या तरी अनोळखी भावाकडे गेले. भांडून सोडवलं, तोवर व्हिडिओ थंड.

यंदाचा नियम एकच, जे काही करू ते आपल्या मालकीचं. गाणं एकच करायचं पण पूर्ण आपलं.

२ फेब्रुवारी, रविवार

बीट मिळाला. घणसोलीचा एक पोरगा आहे, इंजिनिअरिंग अर्धं सोडलेलं, आईच्या शिलाई मशीनच्या शेजारी लॅपटॉप मांडून बसतो. पहिला ऐकवला तो ड्रिल होता, लंडनच्या रॅपमध्ये चालतो तसला, १४० बीपीएम म्हणजे मिनिटाला १४० ठोके, कलाकार बोलला हे लंडनला जाऊन कर. दुसरा ऐकवला तो ९२ चा, जड किक, मागे कायतरी ढोलकीसारखं पण ढोलकी नाही. मी विचारलं काय आहे हे, तर बोलला आमच्याकडच्या स्टीलच्या डब्यावर बोटं मारून रेकॉर्ड केलं. तिथेच फायनल.

१२,००० मागितले, एक्सक्लुझिव्ह. कलाकार माझ्याकडे बघायला लागला. मी साध्या कागदावर लिहून घेतलं, बीट दुसऱ्या कुणाला विकायचा नाही, मास्टर, म्हणजे गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग, आमचं, संगीतकार म्हणून त्याचं नाव आणि रचनेतला अर्धा हिस्सा त्याचा कायम. पोरगा बोलला एवढं कुणी लिहून देत नाही. मी बोललो २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क विकून पण टाकता येत नाही, मग लिहायला काय जातंय. हे वाक्य मी आदल्या रात्री पाठ केलं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिखाण चालू. कलाकाराचं डोकं आऊट आहे आणि कारण ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं, मग पटलं. मराठीत वाक्य संपतं क्रियापदावर. जातो, येतो, खातो, पितो. यमक फुकटात मिळतं आणि म्हणूनच ते स्वस्त वाटतं, चौथीच्या कवितेसारखं. हिंदीत सुरुवात केली होती त्याने, २०१५ ला डिव्हाइन आणि नेझीचं ऐकून सगळ्यांनीच केली, तेव्हा तो दहावीत होता. तिथे वाटेवर दुसऱ्याचे ठसे होते त्यावर पाय टाकत गेला. मराठीत स्वतः खडी टाकायला लागते.

तर त्याने काय केलं, यमक ओळीच्या शेवटातून उचलून पोटात टाकलं.

"डब्यात डबा, डब्यात भाजी, भाजीत आईची काळजी"

पहिला डबा लोकलचा, दुसरा जेवणाचा. ही ओळ मी ऑफिसात तीन जणांना ऐकवली, तिघांनी जेवताना परत म्हणून दाखवली. गाणं लोकलवर आहे. कळव्याला फास्ट थांबत नाही, स्लो येते ती डोंबिवली-दिव्याची माणसं भरून येते, म्हणून पोरं मागे कारशेडला जाऊन गाडी निघतानाच चढतात, २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथेच एसी लोकल अडवली होती लोकांनी. हे सगळं पहिल्या १६ बारमध्ये (एक बार म्हणजे चार ठोके) बसवायचं आणि ९२ ला १६ बार म्हणजे जेमतेम ४२ सेकंद. एवढ्या वेळात माझा लॅपटॉप पण चालू होत नाही.

हुक, म्हणजे परत परत येणारी ओळ, आज आला. चहाच्या टपरीवर, उभ्या उभ्या.

"हात सुटला तर सुटू दे,
नऊ-दोन नाही सुटली पाहिजे!"

टपरीवाला पण वळून बघायला लागला. गाणं इथेच झालं. (नऊ-दोन नावाची गाडी टाइमटेबलमध्ये शोधू नका, मीटरमध्ये बसली म्हणून आहे.)

३० मार्च, पाडवा

काल रात्री रेकॉर्डिंग. रात्री म्हणजे खरंच रात्री, कारण कलाकाराची खोली कळवा पूर्वेला रुळांपासून शंभर पावलांवर, आणि शेवटची लोकल दीडच्या आसपास जाईपर्यंत माइक चालू करण्यात अर्थ नाही. माइक सेकंडहॅंड, कंडेन्सर, ४,५०० चा. आता कळतंय की अशा खोलीत साधा डायनॅमिक घेतला असता तर बरं झालं असतं, कंडेन्सरला शेजारच्या काकूंच्या फ्रिजचा पण आवाज येतो.

सेटअप असा. लोखंडी कपाटाची दोन्ही दारं उघडी, त्यावर तीन गोधड्या, कपाट घुमतं म्हणून आत कपडे ठासलेले. पंखा बंद. ट्यूबलाइट बंद, ती गुणगुणते. कलाकार बनियनवर, त्याची आई आणि बहीण मामाकडे पाठवलेल्या, मी जमिनीवर हेडफोन लावून मोबाईलच्या उजेडात टेक नंबर लिहितोय. पावणेदोनला सुरू केलं. टेक ३ ला कुत्रं. टेक ६ ला त्याचा श्वास संपला, ओळीच्या मधे, तिथे दोन शब्द काढले. टेक ९ चांगला होता पण मला शिंक आली, त्याबद्दल मी माफी मागितली आहे. टेक १४ सगळ्यात भारी, शेवटच्या हुकच्या आधी तो क्षणभर थांबतो तिथे बरोब्बर मालगाडीने हॉर्न दिला, लांब, पारसिकच्या बाजूने. दोघं एकमेकांकडे बघतोय. सुरात होता साला. ठेवला तो.

चार वाजता संपलं. सकाळी गुढी उभारताना माझा डोळा लागला, आईने पाठीत धपाटा घातला.

२० एप्रिल, रविवार

मिक्स झालं, ४,०००. मिक्सवाल्याला आवाज फाडायचा होता, मी बोललो ॲपवाले एका पातळीच्या वरचं सगळं खाली खेचतात, स्पॉटिफायची ती पातळी उणे १४ आहे, तू कितीही कोंब. तो बोलला लोकांना मोठं आवडतं. मधलं काहीतरी केलं. शोसाठी वेगळा ट्रॅक पण काढून घेतला, बीट आणि फक्त हुकचे आवाज, म्हणजे स्टेजवर तो व्हर्स (हुकच्या मधली कडवी) लाइव्ह मारेल आणि हुकला मागून दम मिळेल. पेन ड्राइव्हवर टाकला.

व्हिडिओ ९,५००. रेल्वेच्या हद्दीत शूट करायला परवानगी आणि पैसे दोन्ही लागतात म्हणून खाडीच्या पुलावर केलं, पुलावरून मागे लोकल जाताना दिसते तेवढी पुरे.

१४ मे, बुधवार

अपलोड. रिलीज १३ जून, शुक्रवार. गाण्याला आयएसआरसी मिळाला, बारा अक्षर-आकड्यांचा, गाण्याचा आधार नंबर समजा, कुठेही वाजलं तरी त्यावरून कळतं कुणाचं. शीटमध्ये ओळ १४ ला टाकला. कलाकाराने त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला, मी बोललो अरे येड्या. स्पॉटिफायला पिच, म्हणजे गाणं प्लेलिस्टमध्ये घ्या अशी विनंती, पण टाकलं, रिलीजच्या किमान सात दिवस आधी टाकावं लागतं, गेल्या वर्षी आम्ही रिलीजच्या रात्री टाकलं होतं.

त्याच नादात यूट्यूबचा अमेरिकन टॅक्सचा फॉर्म भरला जो दोन वर्षं राहिला होता. नाही भरला तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात, भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईतून १५. आमचे अमेरिकेतले प्रेक्षक म्हणजे कलाकाराच्या मावशीचा मुलगा. आणि अकाउंटला ६३ डॉलर साठलेत, १०० झाल्याशिवाय हातात येत नाहीत. पण फॉर्म भरला.

५ जून, गुरुवार

हुकचा १५ सेकंदांचा तुकडा टाकला. चांगला चाललाय. कॉलेजची पोरं दारात उभी राहून त्यावर रील करतायत, गाडी सुटायच्या आत धावत पकडायची आणि "सुटू दे" ला हात सोडायचा. मी शीटमध्ये लिहिलं, ११ रील. खूश होतो मी. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

९ जून, सोमवार

सकाळी मुंब्र्याला वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारातली माणसं घासली आणि खाली पडली. चार गेले. जखमी बरेच. मी ठाण्याला ऐरोलीच्या गाडीत बसलो होतो तेव्हा ग्रुपवर आलं. पहिला फोन आईचा, ती तीन वेळा विचारत होती तू कुठेयस, मी सांगतोय अगं मी त्या लाइनला नसतोच, तरी विचारतेय. कलाकार नऊला निघतो. त्याचा फोन लागेना. साडेदहाला मेसेज आला, "आहे".

दिवसभर बिलं एंटर केली. दुपारी आठवलं आणि पहिलं काम काय केलं तर तुकडा डिलीट केला. पोरांच्या रील मला डिलीट करता येत नाहीत.

संध्याकाळी बातम्यांत रेल्वेवाले सांगत होते की नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं लावणार.

१० जून, मंगळवार

भांडण झालं. टपरीवरच, जिथे हुक झाला होता तिथे.

तो बोलला मी खोटं लिहिलंय का, सगळे असेच जातात, मी पण असाच जातो, आता काढलं तर उलट खोटं होईल. मी बोललो खोटं नाही पण तू ते चार वेळा ओरडतोस आणि ओरडताना तुला भारी वाटतं, ऐक परत. तो बोलला तुला पण वाटत होतं, अकरा रील मोजत होतास. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मोठ्या कंपनीत असतो तर कुणीतरी वरून फोन केला असता, हे थांबवा किंवा हे चालू द्या, आणि आम्ही त्याला शिव्या घालून मोकळे झालो असतो. इथे वर कोण, पत्रा. अर्धा तास कुणी बोललं नाही, चहावाल्याने न विचारता दुसरा कटिंग दिला.

मग त्यानेच फोन काढला आणि बोलला पासवर्ड काय आहे. गाणं खाली घेतलं. रिलीज रद्द, पिच गेलं, २१२ प्री-सेव्ह (रिलीजआधीच गाणं सेव्ह करून ठेवलेले) गेले. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे गाणं सगळ्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीचं, उत्तर आलं की ऑडिओ बदलणार असाल तर नव्याने अपलोड, नवा आयएसआरसी. म्हणजे सगळं पहिल्यापासून.

घरी आलो तर सकाळचं एक राहिलं ते लिहितो. निघताना आईने डबा हातात दिला आणि सोडला नाही, धरूनच ठेवला, बोलली, "गाडी सुटली तर सुटू दे रे. हात नको सोडूस." हे मी कलाकाराला टपरीवर सहज सांगितलं होतं, तो काही बोलला नव्हता.

२२ जून, रविवार

पहाटे सव्वातीनला त्याचा व्हॉइस मेसेज. कपाटात तोंड घालून रेकॉर्ड केलेला, कळतं लगेच.

"आई म्हणते, गाडी सुटली तर सुटू दे,
हात नको सोडू रे, हात नको सोडू"

ओरडलेलं नाही. जवळजवळ बोललेलं, आणि शेवटचं "सोडू" थोडं खाली उतरतं. व्हर्स तशाच. डब्यात डबा तसंच. पण गंमत अशी की आता ती काळजीची ओळ हुककडे जाते, आधी ती एकटीच पडली होती, ते आम्हाला मार्चमध्ये कळलं नव्हतं.

मी आईला ऐकवलं. ती बोलली, "हे माझं वाक्य आहे." मग बोलली, "मधे एवढं भरभर काय बोलतो ते कळत नाही, पण हे कळतं." मग, "मला काय देणार?" हे तिने चेष्टेत विचारलं पण मी शीट उघडून बसलो. आयपीआरएसमध्ये कलाकार गीतकार म्हणून मेंबर आहे, ही संस्था १९६९ पासून गीत आणि संगीताची रॉयल्टी गोळा करते, गाणं नोंदवताना कुणाचा किती वाटा ते भरावं लागतं. आता एका वाक्याचा वाटा किती? कलाकार बोलला ५ टक्के लिही काकूंना. मी बोललो कशाचे पाच, तर बोलला तुझे दहा कशाचे आहेत?

लिहिले ५, शीटमध्ये. आईला सांगितलं. तिने शेजारच्या दोघींना सांगितलं.

२५ जुलै, शुक्रवार

रिलीज. हुक परत रेकॉर्ड, परत मिक्स, २,००० जादा. मालगाडीचा हॉर्न आहे तिथेच ठेवायचा का यावर दोन दिवस गेले. ठेवला, पण आता तो अंगावर येतो. नवा नंबर ओळ २३ ला.

३ ऑगस्ट, रविवार

४,२०० प्ले, सगळीकडे मिळून. ३,००० च्या जाहिराती करून. कुणी वाईट बोललं नाही, फार कुणी काही बोललंच नाही. एक कमेंट, "आधीचा हुक जास्त फायर होता भाई".

१६ ऑगस्ट, दहीहंडी

हे सविस्तर लिहितो कारण चूक माझी आहे.

ठाण्यातल्या एका मोठ्या हंडीला दोन गाण्यांचा शो मिळाला, १५,००० ठरले. पाऊस सकाळपासून, साधा नाही, धो धो. आमची वेळ दुपारी दोनची, स्टेजवर चढलो सव्वापाचला. तोवर निवेदकाने दोनदा विचारलं, हिंदीतलं काही आहे का. त्याच दिवशी वर्तकनगरला कोकणनगरच्या पथकाने दहा थर लावले, ती बातमी स्टेजवरून ओरडून सांगत होते आणि गर्दी नुसती पेटलेली.

डीजेला मी पेन ड्राइव्ह दिला. प्लास्टिकच्या पिशवीत, रबरबॅंड लावून, त्याची फार काळजी घेतली होती मी. फाइलचं नाव सांगितलं, "नऊदोन शो फायनल". पेन ड्राइव्हवर "नऊदोन शो फायनल" होता आणि "नऊदोन शो फायनल नवीन" होता. एक एप्रिलचा, एक जुलैचा. दिवसभर बिलांना नाव देणारा माणूस मी.

पहिला व्हर्स झक्कास गेला, बीट एकच ना. हुक आला आणि स्पीकरमधून त्याचाच एप्रिलचा आवाज, चार पट मोठा, "हात सुटला तर सुटू दे!" खाली एक पथक तयारीत होतं, पोरं खांद्यावर हात टाकून गोल बांधत होती, खालच्या थराची माणसं वर बघतायत. दुसऱ्यांदा हुक आला तोवर गर्दीला पाठ झाला होता. हजार-दोन हजार माणसं पावसात नाचत ओरडतायत, सुटू दे, सुटू दे. असं आमच्या गाण्याला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

कलाकाराने माझ्याकडे बघितलं. मी डीजेला हाताने कापायची खूण करतोय, त्याला वाटलं वाढव, त्याने वाढवला. मग कलाकार माइक तोंडाशी धरून नवा हुक म्हणायला लागला, जुन्या हुकच्या वरून, तसाच हळू, आई म्हणते गाडी सुटली तर. मी स्टेजच्या कोपऱ्यात चार फुटांवर होतो तरी मला ऐकू आलं नाही, फक्त ओठ दिसत होते. दुसरा व्हर्स त्याने केलाच नाही. लोकांनी त्याचा अर्थ असा लावला की आता आपण म्हणायचं आणि अजून जोरात म्हटलं.

त्या पथकाने नंतर सात थर लावले, सलामी दिली, व्यवस्थित उतरले. तेवढा वेळ आम्ही दोघं भिजत उभे होतो, निघता येईना.

पाकिटात ८,००० निघाले. उरलेले नंतर बोलले. रिक्षा कळव्याला येईना, पुलावरून चालत आलो. तो एकच वाक्य बोलला, "नावं नीट दे रे फायलींना." त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० ऑगस्ट, बुधवार

व्हायचं तेच झालं. गर्दीतल्या कुणीतरी शूट केलेलं, चार दिवसांत १,८०,००० व्ह्यू. आवाज त्याच्या नावावर, ओरिजनल ऑडिओ म्हणून, आमचं नाव कुठेच नाही. लोक विचारतायत गाणं कुठलं, आणि शोधून ज्यांना सापडतं त्यांना नवा व्हर्जन सापडतो आणि ते बोलतात हे ते नाही.

क्लेम करता येईल का बघितलं. जुना व्हर्जन रिलीजच नाही, कुठल्या डेटाबेसमध्ये नाही, मग पकडणार काय. पकडायचं असेल तर आधी रिलीज करावं लागेल. सगळं आपल्या मालकीचं करायला निघालो होतो आणि सगळ्यात जास्त वाजलेला तुकडा आमच्या नावावर नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

नवरात्रीच्या इव्हेंटवाल्यांचा मेसेज. २५,००० देतो, एक शो आणि त्यांच्या रीलला गाणं वापरायचं, "ते सुटू दे वालं". खाली हात जोडलेले तीन इमोजी. आमचा खड्डा जवळपास तेवढाच आहे.

कलाकार नाही बोलला. मी भांडलो, लिहून ठेवतो की मी भांडलो. मी बोललो अपघाताला तीन महिने झाले, लोक विसरले, गरब्यात कोण लोकलचा विचार करतंय, पंचवीस हजारांत पुढचं गाणं उभं राहतं. तो बोलला लोक विसरले म्हणूनच. मी बोललो जूनमध्ये तर तूच म्हणत होतास खोटं आहे का. तो बोलला हो, तेव्हा मी म्हणत होतो.

मग बोलला, "ठीक आहे, काकूंना विचार. त्या हो बोलल्या तर करू."

घरी आलो. आई जेवायला वाढत होती. मी विचारलं नाही.

इव्हेंटवाल्यांना नवा व्हर्जन पाठवला, चालेल का म्हणून. दोन निळ्या टिक आल्या.

तो बरोबर आहे का हे मला अजून नक्की माहीत नाही. काही दिवशी वाटतं हो, ज्या दिवशी बीटवाल्या पोराचा फोन येतो की भाई काही आलं का, त्या दिवशी वाटतं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

हिशेब. बीट १२,०००, मिक्स ४,००० आणि २,०००, कव्हर ८००, व्हिडिओ ९,५००, जाहिराती ३,०००, डिस्ट्रिब्युटरची वर्षाची फी १,७००. एकूण ३३,०००. आलेले, हंडीचे ८,००० आणि प्लेचे ४१०. तूट २४,५९०. आईचे ५ टक्के रॉयल्टी आली की देईन असं ठरलंय, तिने मागच्या आठवड्यात आठवण केली.

नव्या व्हर्जनचे १३,१०० झाले. हळू वाढतायत पण थांबलेले नाहीत, रोज पन्नास-साठ, आणि वेळ बघितली तर सकाळी आठ ते दहामध्ये जास्त. याचा अर्थ काय तो मी काढत नाही, नोंद करतो.

पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला. शीटमध्ये ओळ १४ अजून आहे, जुन्या नंबराची, बारा अक्षर-आकडे, शेजारी रिलीजच्या तारखेचा रकाना रिकामा. राखाडी केली. डिलीट नाही केली, कलाकाराला विचारलं होतं, तो बोलला राहू दे.

हंडीच्या उरलेल्या ७,००० साठी आज परत फोन केला. गणपतीत बोलले होते दसऱ्यानंतर बघू. दसरा झाला, आता दिवाळीनंतर बघू बोलले.